अर्धी अनामत

सप्टेंबरचा तिसरा मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. रक्कम अडीच हजार रुपये, शंभराच्या पंचवीस नोटा. हजर: उमेदवार म्हणजे माझी थोरली बहीण विशाखाताई, तिचे वकिलीतले जुने कारकून बागूलकाका, माझी बायको शोभा आणि मी. उमेदवारासह पाच जणांना आत सोडत होते, आम्ही चारच गेलो. पाचवा माणूस मिळत नव्हता असं नाही. ताई म्हणाली, "काम चौघांचं आहे."

त्या मंगळवारला आता वीस वर्षं झाली. यंदा पुन्हा विधानसभेचा हंगाम आला आहे. आमच्याकडे तो द्राक्षबागांच्या छाटणीच्या सुमाराला येतो. पाऊस उघडलेला असतो, ऊन डोक्यात शिरतं. दिंडोरी रस्त्याने गेलं की कालपर्यंत हिरव्या असलेल्या बागा बोडक्या दिसतात आणि छाटलेल्या काड्यांना लावायच्या औषधाचा उग्र वास एसटीच्या खिडकीतून आत येतो. त्याच वासात रिक्षांच्या टपावरचे भोंगे ओरडत जातात. लोकांना निवडणूक म्हटलं की गुलाल आठवतो. मला काड्यांचं औषध आठवतं. पहिल्या खेपेला गुलाल दुसऱ्यांचा होता.

परवा दोन कार्यकर्ते घरी आले. पांढरे कडक शर्ट, हातात दोन-दोन फोन.

"काका, ताईंचं एक पाठिंब्याचं पत्र पाहिजे."

"ताईंनाच विचारा."

"विचारलं. त्या म्हणाल्या, जाहीरनामा वाचते, मग सांगते."

"मग द्या ना जाहीरनामा."

"तो अजून छापून आलेला नाही, काका."

चहा घेऊन ते उठले. चपला पायात सरकवताना त्यांतला एक जण हसत म्हणाला, "पण काका, पहिल्या वेळेला ताईंचं डिपॉझिटच गेलं होतं ना?"

तो वाईट मुलगा नव्हे. माहिती म्हणून विचारलं असेल. पण मी मान खाली घालीन अशी त्याची अपेक्षा दिसली. मी म्हणालो, "हो. गेलं. अडीच हजार. आणि अर्धंच भरलं होतं." त्याला त्यातलं काही कळलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ताईने दहा वर्षं नाशिकच्या कोर्टात वकिली केली, नऊ वर्षं न्यायाधीश होती, पाच वर्षं आमदार होती आणि गेली दहा वर्षं पुन्हा वकील आहे. मधली पाच वर्षं उरतात, ती त्या पहिल्या पराभवानंतरची. विहाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. एका खोलीत ती कायद्याची पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्या खोलीत मी पाढे म्हणायचो. आई म्हणायची, "एकीचा आवाज जिंकला तर दुसऱ्याने गप बसावं." माझा आवाज कधी जिंकला नाही. मी सातपूरच्या एका कारखान्यात पगारपत्रकं करायला लागलो आणि अजून तेच करतो. आकडे ओरडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

न्यायाधीशाला स्वतःच्या जिल्ह्यात नेमत नाहीत. त्यामुळे ताईची नऊ वर्षं नाशिकबाहेर, खानदेशातल्या तालुक्यांच्या गावी गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या सरकारी घरी जायचो. फाटक कायम लावलेलं, अंगणात कडुनिंब, आणि दोरीवर तिचे गळ्याचे पांढरे बँड वाळत टाकलेले. खळ घातलेल्या त्या दोन-दोन पट्ट्या वाऱ्याने हलायला लागल्या की बोलायचं राहून गेलेल्या जिभांसारख्या दिसायच्या. त्या नऊ वर्षांत ती गावातल्या एकाही लग्नाला जेवली नाही. बाजारात भाजी घ्यायला मला पाठवायची. मी विचारलं, "मेथीच्या जुडीत काय लाच असते?" तर म्हणाली, "जुडीत नसते. पण मी घासाघीस केली आणि बाईने दोन रुपये सोडले, आणि परवा तिची केस माझ्यासमोर लागली, तर ते दोन रुपये मला आठवतील. मला ते आठवायला नकोत."

रोज संध्याकाळी ती एका डायरीत त्या दिवशीच्या निकालांची टाचणं लिहायची. दोन्ही बाजूंची नावं, काय मागितलं, काय दिलं. एकेका निकालाला दोन ओळी. अशा नऊ डायऱ्या झाल्या. जुन्या फायलींना असतो तसा त्यांना धुळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास आहे. त्या आजही आमच्या कपाटात आहेत.

तिने राजीनामा द्यायचं ठरवलं तेव्हा मी एक कागद मांडून तिच्यापुढे ठेवला. उरलेली नोकरी, बढत्या, घरभाडं, निवृत्तिवेतन, सगळं. खाली बेरीज करून दोन रेघा ओढल्या. तिने कागद शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढून पुसला.

"आकडा बरोबर आहे, रमेश. तरी जाते."

"पण का?"

"मी नऊ वर्षं निकाल लिहिले. त्यातलं लोकांच्या हातात किती पडलं, याची वही कुठेच नाही. कोर्टात नाही, कलेक्टरकडे नाही. कुणीतरी ती मागितली पाहिजे. ती मागायची जागा विधानसभा आहे."

लोकांनी तिला वेडी म्हटलं. जजची खुर्ची सोडून कोणी रिक्षात बसून मतं मागत फिरतं का? मला विचाराल तर तेव्हा मलाही ते वेडंच वाटलं होतं. आज वाटत नाही. आणि आज वाटत नाही हे मी कुणाच्या तोंडावर सांगायला भीत नाही.

ती अपक्ष उभी राहिली. अनामत रक्कम लोकांकडून घ्यायची ठरलं, पण तिच्या नियमाने. प्रत्येकाने शंभरच द्यायचे, जास्त नाही. आणि तिच्यासमोर कोर्टात केस जिंकलेल्या कुणाकडूनही पैसा घ्यायचा नाही.

"आणि हरलेल्याकडून?" बागूलकाकांनी विचारलं.

"हरलेल्याने दिले तर खुशाल घ्या."

"हरलेला कशाला देतोय, ताईसाहेब? तो तर लय शिव्या देईन."

"मग दिल्याच तर शिव्याही घ्या."

पैसे जमवायचं काम माझ्याकडे आणि बागूलकाकांकडे होतं. देणारा कोण आहे हे पैसे जमेपर्यंत तिला बघायचंही नव्हतं. मी पंचवीस नावांची यादी केली आणि दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून ती नऊ डायऱ्यांशी ताडून पाहिली. शोभा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बहीण कायद्याची, भाऊ आकड्याचा. या घरात पिठाचं बघणारी मी एकटीच." एकही नाव जुळलं नाही. जुळणार कसं? तिची कोर्टं सगळी दुसऱ्या जिल्ह्यातली, देणारे सगळे नाशिकचे. मी यादीखाली 'तपासले' असं लिहून सही केली.

त्यातलं सतरावं नाव सिंधू काशिनाथ अहिरे. सटाण्याकडची बाई. द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या एका शेडमध्ये कामाला होती. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नव्हता, शेडमध्ये नुसती रिकामी खोकी आणि पुठ्ठ्याचा वास होता. तिने कमरेची पिशवी सोडून घडी घातलेली नोट काढली. मी नाव विचारलं, तिने सांगितलं, मी लिहिलं. 'ताईंच्या कोर्टात तुमची कधी केस होती का?' एवढं एक वाक्य मी विचारलं नाही. मी यादीवर विश्वास ठेवणारा माणूस. तोंडी विचारणं मला कच्चं काम वाटायचं.

अर्ज भरायच्या दिवशी जमलेल्या पैशांखेरीज मी खिशात स्वतःचे आणखी अडीच हजार घेऊन गेलो होतो. आमचा मतदारसंघ खुला. खुल्या उमेदवाराला अनामत पाच हजार, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी, मग जागा खुली असो नाहीतर राखीव. कायदा तसाच आहे. पण मला वाटत होतं, पूर्ण भरावी. उगाच कुणी बोलायला नको.

टेबलामागच्या बाबूने दाखला पाहिला, नोटा पाहिल्या आणि म्हणाला, "मॅडम, सीट ओपन आहे."

"माहीत आहे."

"म्हणजे, लोक भरतात हो पूर्ण. ओपनमधून उभं राहायचं तर..."

मी घाईने खिशात हात घातला. ताईने माझ्याकडे न बघताच माझं मनगट धरलं.

"सीट खुली आहे, अनामत माझ्या दाखल्यावर आहे. कायद्याने अडीच सांगितली आहे ना?"

"हो, पण..."

"मग अडीचची पावती फाडा. नऊ वर्षं मी कुणाला हक्कापेक्षा रुपया जास्त दिला नाही आणि कुणाचा रुपया कमी केला नाही. आज स्वतःपासून सुरुवात करू का?"

शोभा मागे हसली. बाबूने पावती फाडली. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, "तुला लाज वाटली?"

मी म्हणालो, "थोडी."

"ती खिशातच ठेव. त्या अडीच हजारांबरोबर."

नंतरच्या वीस वर्षांत मी कुठल्याही सवलतीच्या खिडकीपुढे मान खाली घालून उभा राहिलो नाही. माझी मुलंही राहिली नाहीत. त्या एका सकाळी मला जे मिळालं त्याची रक्कम मला काढता येत नाही, आणि मी सहसा असं म्हणत नाही.

ताईने एक पत्रक छापून घेतलं. 'माझी अनामत या पंचवीस जणांनी भरली आहे' आणि खाली पंचवीस नावं. बागूलकाकांनी कपाळावर हात मारला. "ताईसाहेब, पैसे देणाऱ्याचं नाव कोन छापतं? पैसे घेणाऱ्याचं बी छापत नाय!"

मग ते पंधरा दिवस. एक भाड्याची रिक्षा, एक भोंगा, शोभाने पातेलंभर केलेले पोहे. दुपारी उन्हाने गल्ल्या ओस पडायच्या तेव्हा ताई कुणाच्याही ओट्यावर बसून पाणी मागायची. नऊ वर्षं कुणाच्या घरचं पाणी न घेतलेली बाई आता गल्लोगल्ली पाणी पीत होती आणि प्रत्येक घोटाला खूश होत होती. "केवढी तहान साठली होती रे," असं एकदा म्हणाली. एका म्हातारीने तिला गूळ-शेंगदाणे दिले, ते तिने रुमालात बांधून दोन दिवस पुरवून खाल्ले. मला वाटतं, माझ्या पाहण्यातले तिचे सर्वांत सुखाचे दिवस ते होते.

मतदानाला पाच दिवस उरले असताना बाजारपेठेच्या चौकात तेव्हाच्या आमदारांची सभा झाली. समोरच्यांच्या खुर्च्या मोजायला म्हणून मी गेलो होतो. साडेचारशे होत्या, भरलेल्या. आमदारांनी शेजारी बसलेल्या एका माणसाला माइकपुढे आणलं. चाळिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, नाव नामदेव. त्याने खिशातून निकालाची नक्कल काढली. या जजबाईने माझ्याविरुद्ध पोटगीचा निकाल दिला, तो म्हणाला. बायकोला महिना पाचशे द्या म्हणून. आणि आता त्याच बायकोकडून निवडणुकीला पैसे घेतले. त्याने आमचंच पत्रक फडकवलं. सतरावं नाव. लग्नाआधीचं, बापाचं नाव लावलं म्हणजे कळत नाही काय?

आमदारांनी माइक घेतला. "न्याय कितीला पडला, मंडळी? शंभर रुपयांना!" साडेचारशे खुर्च्या हसल्या. "यांचं डिपॉझिटसुद्धा वाचणार नाही, मी लिहून देतो."

 मी चालत घरी आलो. ताई ओट्यावर बसून पाय चोळत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि थांबलो. वाटलं, आता ओरडेल.

ती उठली, कपाटातून तिसरी डायरी काढली, पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. सिंधूबाई विरुद्ध नामदेव. खानदेशातल्या सासरी नवऱ्याने टाकलेली. दरमहा पाचशे. तेव्हा कोर्टाला त्याहून जास्त देताच येत नव्हते. त्याला सहा वर्षं झाली होती.

"नवऱ्याच्या नावाने दाखल होती," ती म्हणाली. "तू अहिरे शोधलंस, ते सापडणार कसं?"

"ताई, सांगून टाकू. ही बाई दुसरी आहे म्हणून," बागूलकाका म्हणाले. "एका नावाच्या दहा बाया असत्यात. कोन बघतंय?"

"मी बघतेय."

"पण चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी पत्रक काढतो. भावाची चूक, उमेदवाराला माहीत नव्हतं."

"तू माझा माणूस आहेस. चूक माझी. उद्या संध्याकाळी पाच वाजता, त्याच चौकात सभा. परवानगीचा अर्ज बागूलकाका आत्ता देतील." मग तिने आपल्या पर्समधून शंभराची नोट काढून डायरीत त्याच पानावर ठेवली.

तेव्हा काय पणाला लागलं होतं हे मला त्या रात्री जेवताना नीट कळलं. निवडणूक नव्हे, ती आम्ही हरणारच होतो, मला आकडे दिसत होते. पणाला लागली होती ती नऊ वर्षं. न घेतलेली मेथीची जुडी, न जेवलेली लग्नं, त्या नऊ डायऱ्या. एका नावाने ते सगळं शंभर रुपयांचं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या सभेला खुर्च्या साठ, पण बाजूला उभी माणसं तीनशेच्या वर. तमाशा बघायला आलेली. ताईला नमस्कार-चमत्कार करायची सवय नव्हती. निकाल वाचावा तशी ती बोलली.

"काल या चौकात माझ्यावर आरोप झाला. त्यातला पैशांचा भाग खरा आहे."

मागची माणसं पुढे सरकली.

"सिंधू अहिरे यांच्याकडून शंभर रुपये आले. सहा वर्षांपूर्वी मी त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. माझ्या नियमाने ते घ्यायला नको होते, तपासताना आमच्याकडून चूक झाली. पैसे अनामतीत गेले. त्यांचे शंभर मी माझ्या पर्समधून परत देते आहे. निकाल मात्र परत घेत नाही. तो बरोबर होता, आजही बरोबर आहे. सिंधूबाई इथे असतील तर त्यांनी पुढे यावं."

ती आली होती. गर्दीतून वाट काढत, पदर खोचून. पण तिने नोटेला हात लावला नाही.

"ओ जजबाई, माले बोलू द्या."

ताईने माइक तिच्यापुढे धरला.

"मी निकाल इकत लिधा म्हने! इकत लिधा ऱ्हाता ते घरपोच भेटता ना!" विकत घेतला असता तर घरपोच मिळाला असता, यावर एक हशा उसळला. ती हसली नाही. "सहा वरीस व्हयनात. महिना पाचशे. एक रुपया बी भेटना नही. आनि तो तठे उभा शे पहा, पानटपरीजोडे. गळाम्हा सोनं घालीसन!"

तीनशे माना पानटपरीकडे वळल्या. नामदेव खरंच तिथे होता. तोंडातलं पान गिळावं की थुंकावं हे त्याला ठरवता येईना. कुणीतरी ओरडलं, "काय भाऊ, शंभर तरी द्या!" तो मोटारसायकलवर बसला, ती तीनदा किक मारूनही सुरू झाली नाही आणि तो ती ढकलत निघून गेला. त्या चौकात त्याच्याइतकं एकटं मी कुणाला पाहिलेलं नाही, आणि मला त्याची दया आली नाही.

"मग पैसे का दिले होते?" ताईने तिला विचारलं. एवढंच तिचं स्वतःचं कुतूहल.

"कोर्टम्हा माले पुरं बोलू दिधं व्हतं तुम्ही. तो वकील मधी मधी टोके, तुम्ही त्याले बसाडं. म्हनीसन दिधा."

"बरं. पण आता हे घ्या."

"नही. आधी निकालना पैसा भेटू द्या. सगळा. मंग तुमना शंभर घिसू."

आधी निकालाचे पूर्ण पैसे हातात, मग हे शंभर. तीनशे साक्षीदारांसमोर तिने अशी अट घातली आणि ती खाली उतरली. ताईने नोट पुन्हा डायरीत ठेवली. न्यायासनावर बसलेली बाई एका पॅकिंग शेडच्या बाईचा आदेश मान खाली करून मान्य करते, हे मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या दिवशी साठ खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली होती. मी मोजली नाहीत.

निवडणूक आम्ही हरलो. अनामत वाचायला झालेल्या मतांचा सहावा हिस्सा लागतो, आम्हाला चारशे अकरा मतं कमी पडली. अडीच हजार सरकारजमा. आमदारांनी लिहून दिलं होतं ते खरं ठरलं. संध्याकाळी गल्लीतून त्यांची मिरवणूक गेली, तेव्हा शोभाने दार लावायला घेतलं. ताई म्हणाली, "उघडं ठेव. आपण काय चोरलंय?" आम्ही चौघं ओट्यावर बसून मिरवणूक पाहिली. गुलाल उडून चहाच्या कपांत पडला.

पाच वर्षांनी एका लहान पक्षाने तिला तिकीट दिलं आणि ती निवडून आली. तेव्हाही अनामत पंचवीस जणांची होती, तेव्हाही अर्धीच भरली, आणि तेव्हा मी प्रत्येकाला तोंडी विचारलं. आमदार झाल्यावर पहिल्याच अधिवेशनात तिने लेखी प्रश्न दिला. राज्यात पोटगीचे किती आदेश झाले आणि त्यांपैकी किती रकमा प्रत्यक्ष बायकांच्या हातात पडल्या? उत्तर आलं, 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. पाच वर्षं ती तोच प्रश्न विचारत राहिली आणि माहिती संकलित होत राहिली. पक्षाचे लोक म्हणायचे, ताई, जरा रस्त्याचं, पाण्याचं विचारा. तिने रस्तेही केले, पाणीही आणलं. आमच्या भागातल्या चार वस्त्यांना तिच्यामुळे नळ आहेत. पण तो प्रश्न सोडला नाही. पुढची निवडणूक ती हरली. त्या वेळी अनामत परत मिळाली.

मग पुन्हा काळा कोट. सिंधूबाईचं वकीलपत्र मात्र तिने घेतलं नाही. आपण दिलेल्या निकालात आपण वकील म्हणून उभं राहायचं नाही. तिला दुसऱ्या एका वकीलबाईंकडे पाठवलं आणि कधी चौकशीचा फोनही केला नाही. सिंधूबाई दरवर्षी वसुलीचा अर्ज करायची. एकही वर्ष चुकवलं नाही. वॉरंट निघालं की नामदेव हजार-दोन हजार भरून सुटायचा. असे त्या सभेनंतरच्या वीस वर्षांत अठरा हजार आले.

आणि मी दर निवडणुकीला तिच्याकडे जायचो. ताईने सांगितलं म्हणून नव्हे. चूक माझी होती. विधानसभा असो, लोकसभा असो, महापालिका असो, भोंगे सुरू झाले की मी ती डायरी पिशवीत घालून सिंधूबाईच्या खोलीवर जायचो. ती चहा करायची. मी विचारायचो, "घेता का?" ती म्हणायची, "भेटना का सगळा पैसा?" मी म्हणायचो, "नाही." "मंग चहा घ्या." वीस वर्षं हेच. शोभा म्हणते, दिवाळीला बहिणीकडून ओवाळून घ्यायला जातात तसे तुम्ही मत द्यायला जायच्या आधी तिथे जाता. मला ते ऐकायला बरं वाटतं.

नामदेवची जमीन रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. मोबदला बँकेत आला. वकीलबाईंनी नेमका तो धरला आणि कोर्टाने त्यातून वसुली लावली.

गेल्या गुरुवारी दुपारी सिंधूबाई आमच्या दारात उभी राहिली. या वेळी मी गेलो नव्हतो, तीच आली. हजर: ताई, शोभा, मी आणि ती. बागूलकाका चार वर्षांपूर्वी गेले. तिने पिशवीतून बँकेचं पासबुक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"तुम्ही यादीवाले ना? आते तरी नीट पहा."

मी पाहिलं. सव्वीस वर्षं, दरमहा पाचशे, एक लाख छप्पन हजार. वजा आलेले अठरा हजार. बाकी एक लाख अडतीस हजार. पासबुकात शेवटच्या ओळीत तोच आकडा होता. मी तो दोनदा वाचला. व्याज नाही. त्यावर एक रुपया व्याज नाही. निकाल लागला तेव्हा पाचशेत महिन्याचं धान्य भरायचं. आज पाचशेत गॅसची टाकी येत नाही. हे मी मोठ्याने म्हणालो. सिंधूबाई म्हणाली, "माहीत शे. पन सगळा शे ना? हुकूमम्हा व्हता तेवढा?"

"हो. तेवढा पूर्ण आहे."

"मंग आना तुमना शंभर."

ताईने तिसरी डायरी उघडली. वीस वर्षं एका पानात दबून राहिलेली नोट काढली. कडा पिवळ्या झाल्या होत्या, घडी मात्र नव्हती. सिंधूबाईने ती खिडकीच्या उजेडात धरली.

"जुनी शे. चालस का ही?"

"चालते," ताई म्हणाली.

सिंधूबाईने बोट जिभेला लावलं आणि एकच नोट असूनही ती रीतसर मोजली. "एक." पिशवीत ठेवली, नाडी ओढली. मग मला म्हणाली, "लिखी घ्या. बापनं नाव लावा. ते तुम्हले सापडत नही ना!"

मी लिहिलं: रोख रुपये शंभर, सिंधू काशिनाथ अहिरे यांना.